हारुन मास्तरांचा एकच शब्द

हारुन मास्तरांचं व्याख्यान ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त धास्ती घेतली ती त्यांच्या बायकोने. ताहेरा सायखेड्याची. माहेरी कांदा, ऊस आणि गोदावरीचा गाळ यांपलीकडे तिने फारसं काही पाहिलं नव्हतं. नाशकात मास्तरांच्या घरी नांदायला आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा अकबर मनमाडला रेल्वेत फिटर होता, त्याचं लग्नही झालं होतं. तरी नवरा चारचौघांत उभा राहून बोलणार म्हटल्यावर ती हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर येऊन बसली.

"लोक हसतील का हो तुमाला?" तिने विचारलं.

"हसू देत की," मास्तर म्हणाले. "हसतात म्हणजे जागे असतात."

मास्तर शाळेत फारसी शिकवत. पण त्यांचा जीव अडकला होता लॅटिनमध्ये. शरणपूरच्या वस्तीतला एक म्हातारा पाद्री त्यांच्याकडून फारसी शिकला आणि त्या बदल्यात त्याने मास्तरांना लॅटिन शिकवलं. पाद्री केव्हाच मातीआड गेला, पण मास्तरांचं वेड गेलं नाही. एखादा शब्द धरला की त्याच्या मागे मागे जायचं, तो कुठे जन्मला, कोणाच्या घरात शिरला, कोणी त्याचे कान उपटले, कोणी त्याला दत्तक घेतलं, हे शोधत बसायचं. ताहेराला त्यातलं ओ की ठो कळत नसे. मात्र जेवताना मास्तर बोलत असत आणि ती ऐकत असे. तिला त्यांचा आवाज आवडायचा.

छत्तीस सालची संक्रांत होऊन गेली होती. वाचनालयाच्या दिवाणखान्यात संध्याकाळी गॅसबत्त्या लागल्या. विषय होता, 'किल्ला या अर्थाचा एक शब्द'. किल्ला म्हटल्यावर रामशेजच्या वेढ्याची हकीकत ऐकायला मिळेल म्हणून बरीच मंडळी आली होती. बायकांसाठी एका बाजूला चिकाचा पडदा सोडला होता. त्यामागे ताहेरा बुरखा सावरून बसली. तिच्याशेजारी सिंधुबाई होत्या. मास्तरांचे जिवलग स्नेही आणि शाळेत इतिहास शिकवणारे गोरक्ष मास्तर यांच्या त्या पत्नी.

मास्तर उभे राहिले आणि ताहेराची धास्ती पाचच वाक्यांत उतरली. जेवताना बोलत तसेच ते बोलत होते.

"रोमचं सैन्य जिथे मुक्काम टाकी, तिथे भोवती खंदक खणी, मातीचा बांध घाली. त्या छावणीला म्हणायचे कास्त्रुम. आणि तीच लहान असली तर कास्तेल्लुम. आपल्याकडे गड आणि गढी, तसंच. पुढे सैन्य गेलं, राज्य बुडालं, बांध नांगराखाली गेले. शब्द तेवढा मागे राहिला. इटलीत तो कास्तेलो झाला. स्पेनमध्ये कास्तिल्यो. फ्रान्समध्ये बिचारा झिजून झिजून शातो झाला, वहाणेचा अंगठा तेवढा उरावा तसा."

लोक हसले. ताहेराही पडद्याआड हसली.

"नॉर्मन सरदार इंग्लंडवर चालून गेले ते जहाजांत घोडे घेऊन, आणि तोंडात हा शब्द घेऊन. तो आजचा कासल. त्यातला ट इंग्रज लिहितो पण बोलत नाही. साहेबाच्या घरात शोभेच्या वस्तू फार. तिकडे बोहेमियात कोस्तेल म्हणजे किल्ला नव्हे, देऊळ. लढाईत लोक देवळाच्या भिंतीआड लपले असतील, म्हणून. पोर्तुगीज आपल्या वसईला हाच शब्द घेऊन उतरले. पण आपल्याकडे गड होता, कोट होता, किल्ला होता; आपण काही तो घेतला नाही. आता शेवटी, हा शब्द अरबांच्या दारी कसा आला आणि तिथून..."

मास्तर थांबले. टेबलावरचा पेला उचलायला त्यांनी हात पुढे केला, पण हात पेल्याच्या बाजूनेच निघून गेला.

"कास्तेल," ते म्हणाले. "कास्तेल... तोर... लिमा कास्तेल... पिस..."

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याकडे झुकून म्हटलं, "ही जर्मन असावी." शेजाऱ्याने समजल्यासारखी मान हलवली. मास्तर बोलतच होते. आवाज तोच होता, चढउतारही तेच होते, पण शब्द कुठल्याच मुलखातले नव्हते. दिवाणखान्यात कौतुकाची कुजबुज झाली. एवढ्या भाषा याला येतात तरी कशा! मागच्या कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

ताहेराने चिकाच्या फटीतून पाहिलं. मास्तरांच्या ओठाचा एक कोपरा खाली लोंबत होता आणि त्यातून लाळ दाढीवर उतरत होती. ते टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे असे बघत होते, जसं विहिरीत पडलेलं माणूस काठावरच्यांकडे बघतं.

ती पडदा सारून बाहेर आली. सिंधुबाईंनी तिचा हात धरला होता, तो तिने हिसडून सोडवला.

"अहो, कायतरी होतंय त्यांना! धरा कोणीतरी! ते बोलत नायत!"

सगळ्यांच्या माना वळल्या. ज्याचं बोलणं सगळे कान देऊन ऐकत होते, त्याची बायको म्हणते तो बोलत नाही! कोणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षस्थानी एक वयस्क वकील होते. त्यांनी हात वर केला. "बाई, बसून घ्या. शंका असेल ती शेवटी विचारा."

"शंका नाय हो! बघा त्यांच्याकडं!"

तोवर गोरक्ष मास्तर उठून धावले होते. पण ते पोचायच्या आत हारुन मास्तर उजव्या अंगावर कलंडले आणि टेबलासकट खाली आले.

*

मास्तर वाचले. पुष्कळ दिवस लोक ताहेराला सांगत की अल्लाची मेहेर, मास्तर वाचले, आणि तीही तसंच म्हणत असे.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फुटली; हात-पाय जरा सुधारतील, वाचेचं सांगता येत नाही. हकीम म्हणाले, लकवा आहे, कबुतराच्या रक्ताने चोळा. ताहेराने डॉक्टरांचं ऐकलं आणि कबुतरंही आणवली. पाय थोडा सुधारला. काठी आणि तिचा खांदा धरून मास्तर दारापर्यंत येऊ लागले. उजवा हात मात्र पिळलेल्या फडक्यासारखा छातीशी राहिला. आणि सगळ्या शब्दांपैकी एकच शब्द त्यांच्या तोंडात उरला.

"कास्तेल."

पाणी हवं असलं तरी कास्तेल. उशी उंच हवी असली तरी कास्तेल. नमाजाला बसवलं की ओठ हलत आणि त्यातूनही तेच बाहेर येई. पहिले काही दिवस त्यांना वाटत होतं की आपण नीट बोलतोय. ते एखादं लांबलचक वाक्य बोलावं तसं कास्तेल, कास्तेल करत जात आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा सूर वर नेऊन ताहेराच्या तोंडाकडे बघत. ती अंदाजाने पाण्याचा पेला पुढे करी. मग तिच्या चेहऱ्यावरूनच हळूहळू त्यांना समजलं की आपल्या तोंडून भलतंच निघतंय. ते समजलं त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवले नाहीत.

गल्लीतली पोरं त्यांना कास्तेल मास्तर म्हणू लागली. ताहेरा चवताळून बाहेर गेली की पळायची, आत आली की पुन्हा दाराशी.

गोरक्ष मास्तर शाळा सुटल्यावर रोज येत. एक दिवस ताहेराने चहा ठेवला आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

"भाऊ, एक इचारू? त्या दिवशी ते जे सांगत व्हते, ते मला नीट समजून सांगा."

"कशाला आता ते, वहिनी?"

"त्यांच्याजवळ तेवढंच ऱ्हायलंय. माज्याजवळ तेवढं तरी असावं."

मग गोरक्ष मास्तरांनी सांगितलं. रोमच्या छावण्या शाम देशातही, म्हणजे सीरियात, पडल्या होत्या. ग्रीक लोक कास्त्रुमला कास्त्रोन म्हणत. तिथल्या गावकऱ्यांनी त्याचा कस्त्रा केला. अरबांनी मधला त टाकून दिला आणि झाला कस्र, म्हणजे महाल. पुढे अरब स्पेनमध्ये गेले, तेव्हा तो अल-कस्र होऊन त्यांच्याबरोबर गेला आणि स्पॅनिश लोकांनी त्याचा अल्काझार केला.

"म्हणजे बघा वहिनी, एकाच घराण्यातले दोघे. एक रोमहून थेट आला, दुसरा दमास्कसला वळसा घालून. स्पेनमध्ये शेजारी शेजारी राहिले, आणि एकमेकांना ओळखलं नाही. हारुनभाईंना याचं फार नवल वाटायचं."

"आनि मंग शेवट? त्याच्या पुढं काय सांगणार व्हते?"

"ते मला नाही माहीत. म्हणाले होते, तू समोर बसूनच ऐक."

ताहेराने खाटेवरच्या मास्तरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ, रोमची वाट बुजली आसंल त्यांच्या डोक्यातली. पन दमास्कसची उघडी आसंल का?"

गोरक्ष मास्तरांना हसावं की रडावं ते कळेना. पण त्यांनाही दुसरं काही सुचत नव्हतं. ते म्हणाले, "करून तर बघू."

दुसऱ्या दिवसापासून तिने धरलं. सकाळी मास्तरांचं तोंड पुसून झालं की समोर बसायचं. "कस्र. म्हना, कस्र." मास्तर तिच्या ओठांकडे टक लावत, कपाळावर शिरा येत. "क... क... कास्तेल." पुन्हा. "कास्तेल." कधी ते डाव्या हाताने तिला दूर सारत. ती पुन्हा जवळ येई. असा सगळा शिमगा गेला, पाडवा गेला.

आणि एका सकाळी, ती चूल फुंकत असताना, पाठीमागून आवाज आला.

"कसर."

ती तशीच फुंकणी हातात घेऊन धावली. मास्तर खाटेवर बसले होते. स्वतःच दचकले होते. "कसर," ते पुन्हा म्हणाले. ताहेराने त्यांचं डोकं छातीशी धरलं, ओक्साबोक्शी रडली आणि मग गल्लीत घरोघर साखर वाटून आली.

एक आलं म्हणजे दुसरं येईल, असं तिने धरून ठेवलं. पण कसर आला तोही कास्तेलच्या पंगतीला येऊन बसला. दोन्ही शब्द कशालाही लागू लागले. विचारपूस करायला आलेल्या बाया मास्तरांच्या तोंडून "कसर, कसर" ऐकत आणि तिच्याकडे वळून म्हणत, "त्यांचं करण्यात काही कसर ठेवू नको गं बाई, ते बोलून दाखवतात बघ." डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? मास्तर म्हणाले, कसर. डॉक्टरांना वाटलं अंगात कसर आहे; त्यांनी तापाचं कडू औषध लिहून दिलं. ते मास्तरांनी मुकाट्याने घेतलं, कारण नको कसं म्हणायचं?

*

शाळेने मास्तरांची जागा उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत राखून ठेवली होती. सुट्टी जवळ आली, तसे गोरक्ष मास्तर हेडमास्तरांना घेऊन घरी आले. पूर्ण वर्ग नाही तरी एखादा तास, नुसतं पोरांची उजळणी ऐकण्याचं काम, काहीतरी देता येईल अशी त्यांना आशा होती. ताहेराने मास्तरांना शेरवानी घातली, टोपी नीट बसवली.

हेडमास्तर भला माणूस होता. खुर्ची जवळ ओढून बसला. ताहेरा दाराआडून म्हणाली, "म्हना, जे शिकलो ते म्हना."

"कास्तेल," मास्तर म्हणाले. मग मोठ्या कष्टाने, "कसर." आणि मग तिने गेल्याच आठवड्यात घोटून घेतलेलं, "शातो."

"वा, वा," हेडमास्तर म्हणाले. "सुधारणा आहे. मास्तर, मला ओळखलंत ना?"

"कसर."

"माझं नाव काय बरं?"

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.

"राहू द्या. मुलं तुमची फार आठवण काढतात. तुम्हाला येते का त्यांची आठवण?"

मास्तरांनी तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि अचानक त्यांनी डावा हात उचलून आपल्याच तोंडावर मारला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारणार तोच ताहेरा पडदाबिडदा विसरून धावली आणि तिने तो हात दोन्ही हातांनी धरला. ओठ फुटून रक्त आलं होतं.

तिला त्या क्षणी जे कळलं ते तिने कोणालाच सांगितलं नाही. आत सगळं होतं. पोरांची नावं होती, हेडमास्तरांचं नाव होतं, त्या व्याख्यानाचा शेवटही होता. काहीच गेलं नव्हतं. फक्त बाहेर यायची वाट नव्हती. आणि आपण इतके महिने त्या माणसासमोर बसून पोपटाला शिकवावं तसं शिकवत होतो, एक शब्द निघाला की टाळी वाजवत होतो, त्या दिवाणखान्यातल्या लोकांसारखी.

हेडमास्तर जाताना गोरक्ष मास्तरांना काहीतरी हळू आवाजात म्हणाले. पुढच्या वर्षी फारसीचा वर्गच उघडला नाही.

*

अकबर येऊन दोघांना मनमाडला घेऊन गेला. रेल्वेच्या चाळीत दोन खोल्या. सून माजिदा, तिला सातवा महिना. दिवसभर इंजिनांच्या शिट्ट्या, भिंतींवर काजळी, आणि पाण्याला ही रांग. ताहेराने शिकवणं सोडून दिलं. मास्तर खिडकीशी बसून राहत. हाका मात्र मारत. ती दिसेनाशी झाली की मारत. "कास्तेल! कास्तेल!" ती नळावरून धावत येई. बघते तर काही नको असे. ती आहे एवढंच बघायचं असे.

माजिदाचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या त्या सकाळी, आणि दुपार उलटली तरी सुटका होईना. अकबर कामावर होता. सुईण कुसाबाई कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "लय अडलीय पोर. दम धरा." ताहेराने सुनेला मागून धरलं होतं. माजिदा किंचाळायची, की लगेच पलीकडच्या खोलीतून यायचं, "कास्तेल! कास्तेल!" माजिदा शांत झाली तरी ते चालूच. खाट वाजत होती. ते उठायला बघत होते. तिथून पडले तर? इकडे सुनेला सोडावं कसं?

"अहो, काय नाय! बसा जागेवर!" ती बसल्या जागेवरून समजावत होती. पलीकडून पुन्हा, "कास्तेल! कास्तेल! कास्तेल!"

शेवटी कुसाबाई म्हणाली, "त्या बाबाला गप करा आधी, पोरीचा जीव घाबरतोय." तशी ताहेरा उठली, मधल्या दारात गेली आणि जी कधी नवऱ्यासमोर आवाज चढवून बोलली नव्हती ती बाई आख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "गप बसा! नका बोलू! तुमच्या त्या एका शब्दानं माजा जीव खाल्ला!"

मास्तर खाटेच्या कडेवर, अर्धे उठलेले. ते तिच्याकडे बघत होते. मग हळूच मागे टेकले.

सूर्य मावळायच्या सुमाराला मुलगी झाली. दोघी सुखरूप. ताहेराने बाळाला न्हाऊ घालून फडक्यात गुंडाळलं आणि मास्तरांकडे घेऊन गेली. बाळाच्या कानात अजान द्यायचा मान आजोबांचा. तिला वाटलं होतं, कास्तेल तर कास्तेल, अल्लाला कळेल. तिने बाळ त्यांच्या तोंडाशी धरलं.

"नात झाली. अजान द्या."

मास्तरांनी बाळाच्या जावळावर नाक टेकवलं. ओठ हलले नाहीत.

"द्या ना. कायबी म्हना."

त्यांनी मान वळवली. अकबर कामावरून आला, त्याने मग अजान दिली.

त्या दिवसापासून हारुन मास्तरांनी एकही शब्द काढला नाही. कास्तेल नाही, कसर नाही. पाणी हवं असलं तरी नाही. रेल्वेचा डॉक्टर बघून गेला. म्हणाला, "दुसरा छोटा झटका येऊन गेला असेल. नसेलही. अशा माणसाचं काही कळत नाही."

ताहेराने त्यांचे पाय धरले. "माजं चुकलं. मी घाईत बोलले हो. बोला. तेच बोला, दिवसभर बोला." ती स्वतःच म्हणून दाखवायची, कास्तेल, कास्तेल, लहान मुलाला खेळवावं तशी. मास्तर शांतपणे तिच्याकडे बघत. त्या नजरेत राग होता असं तिला कधी वाटलं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

थंडीत एकदा गोरक्ष मास्तर भेटायला आले. पिशवीत नाशिकची द्राक्षं होती. मास्तरांजवळ बसून ते खूप बोलले. नदीला आलेला पूर, शाळेतली भांडणं, सिंधुबाईंचं गुडघ्याचं दुखणं. बोलता बोलता, सवय असल्यासारखे थांबून, ते उत्तराची वाट बघत आणि मग पुन्हा पुढे चालू करत. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. द्राक्षं तशीच राहिली.

निघताना ताहेरा त्यांच्याबरोबर चाळीच्या जिन्यापर्यंत गेली.

"मी महिन्याकाठी येत जाईन, वहिनी," गोरक्ष मास्तर डोळे पुसत म्हणाले. "माझ्या बोलण्याने काही झालं तर झालं."

ताहेराने पदर तोंडाला लावला.

"भाऊ, राग मानू नका," ती म्हणाली. "परत येऊ नका. तुमी बोलता तवा त्यांचा गळा आतून हलतो. माज्यानं बघवत नाय."

गोरक्ष मास्तरांनी हात जोडले आणि जिना उतरून स्टेशनच्या वाटेला लागले. ताहेरा आत आली, ताटलीत भात कालवला, आणि मास्तरांना भरवायला बसली.